मॅपटूलची साइन-कोसाइन: आठ महिने जहाजं हाकल्यावरचा अभिप्राय

जहाजाचं तोंड होकायंत्राच्या ७० अंशांवर आहे आणि एका फेरीत ते सहा घरं जातं. फेरी संपल्यावर त्याची सोंगटी नकाशावर नेमकी कुठे ठेवायची? व्हर्च्युअल टेबलटॉपवर, म्हणजे पटावरचा भूमिका-खेळ संगणकावर खेळायच्या साधनावर, समुद्री मोहीम चालवायची ठरवली तेव्हा माझ्यापुढचा पहिला प्रश्न हा होता, आणि नंतरचे सगळे प्रश्न त्याच्याच पोटातून निघाले. उत्तर शाळेतलंच आहे. उजवीकडे सहा गुणिले साइन ७०, म्हणजे ५.६४ घरं, वर सहा गुणिले कोसाइन ७०, म्हणजे २.०५ घरं. कागदावर अर्ध्या मिनिटाचं काम. पण नऊ जहाजं, पाच खेळाडू आणि प्रत्येक फेरीत प्रत्येकाचा रोख बदलणार म्हटल्यावर ते मॅक्रोनेच, म्हणजे साधनात लिहून ठेवलेल्या छोट्या प्रोग्रामनेच, करायला हवं, आणि त्यासाठी मॅक्रोला साइन यायला हवी.

मॅपटूल हे टेबलटॉप मी आठ महिने वापरतेय ते मुख्यतः याच कामासाठी. हा अभिप्रायसुद्धा त्याच्या मॅक्रोंमधल्या त्रिकोणमितीपुरताच आहे. दिवे, धुकं, फासे यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला हे साधन मनापासून आवडलंय, पण का आवडलं ते कळायला त्याआधीचं वर्ष सांगावं लागेल.

आधी ज्या टेबलटॉपवर आम्ही खेळायचो, त्याच्या मॅक्रोत बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, खालचा पूर्णांक, जवळचा पूर्णांक आणि केवल मूल्य एवढीच सामग्री होती. जर-तर नाही, तीच आज्ञा पुन्हा पुन्हा चालवणारं लूप नाही, वर्गमूळही नाही. यातून साइन कशी काढायची?

पहिल्यांदा मी टेलर श्रेणीकडे गेले, कारण कॉलेजात तीच शिकवलेली. कोन अंशांऐवजी रेडियन या दुसऱ्या एककात घ्यायचा, त्यातून त्याच्या घनाचा सहावा भाग वजा करायचा, पाचव्या घाताचा एकशेविसावा भाग मिळवायचा. ९० अंशांना उत्तर येतं १.००४५, ते चालून जातं. १८० अंशांना मात्र शून्याऐवजी ०.५२ येतं, आणि दक्षिणेला निघालेलं जहाज तीन घरं पूर्वेला सरकतं. आणखी पदं जोडली की मॅक्रो लांबतो, आणि कंस जुळवता जुळवता रात्र जाते.

मग कोष्टक करून पाहिलं. आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये दिलेलं 'ज्या'चं कोष्टक (ज्या म्हणजे त्रिज्येने गुणलेली साइन) यासाठी फार सोयीचं आहे, कारण ते पूर्णांकात आहे. पावणेचार अंशांच्या टप्प्याने चोवीस ज्या, त्रिज्या ३४३८. पहिली ज्या २२५, दुसरी ४४९, तिसरी ६७१, आणि आठवी, म्हणजे ३० अंशांची, १७१९. बरोबर निम्मी त्रिज्या. दशांश न सांभाळणाऱ्या मॅक्रोला याहून चांगली भेट नाही. पण कोष्टकातून नेमका आकडा उचलायला जर-तर किंवा यादी लागते, आणि आमच्याकडे दोन्ही नव्हतं.

शेवटी हाती लागलं ते पहिल्या भास्कराचं सूत्र. हा भास्कर सातव्या शतकातला. बाराव्या शतकातले भास्कराचार्य वेगळे. सूत्र 'महाभास्करीय' ग्रंथात आहे आणि त्यात रेडियन नाहीत, घात नाहीत, वर्गमूळ नाही. कोन अंशांत घ्या. तो १८० मधून वजा करा. या दोन आकड्यांचा गुणाकार करा, त्याला आपण 'ग' म्हणू. आता चार ग भागिले (४०५०० वजा ग). झाली साइन.

३० अंश घालून पाहा. ग येतो ४५००, वर १८०००, खाली ३६०००, उत्तर ०.५. ९० अंशांना ग ८१००, वर-खाली दोन्हीकडे ३२४००, उत्तर १. ४५ अंशांना ०.७०५९ येतं, खरं ०.७०७१. शून्य ते १८० अंशांत कुठेही चूक ०.००१६ च्या आसपासच राहते, त्यापुढे जात नाही. पन्नास पिक्सेलच्या घरावर बारा घरांचा पल्ला धरला तर ही चूक एक पिक्सेल भरते. डोळ्याला दिसतही नाही. हे पहिल्यांदा ताळा करून पाहिलं तेव्हा मी उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या. चौदाशे वर्षांपूर्वीच्या माणसाने जणू माझ्या मॅक्रोची अडचण ओळखून सूत्र लिहून ठेवलं होतं.

सूत्र १८० अंशांपर्यंतच चालतं. त्यापुढे साइन ऋण होते, आणि जर-तर नसताना चिन्ह बदलायचं कसं? कोनाला १८० ने भागून खालचा पूर्णांक घ्यायचा. अर्ध्या वर्तुळापर्यंत तो शून्य, त्यापुढे एक. त्याची दुप्पट एकातून वजा केली की पहिल्या अर्ध्यात अधिक एक आणि दुसऱ्या अर्ध्यात उणे एक मिळतो. उरलेला कोन सूत्रात घालायचा आणि शेवटी या चिन्हाने गुणायचं. कोसाइनसाठी कोनात ९० मिळवून पुन्हा तेच.

इथे माझी एक चूक झाली, ती सांगते, कारण हाताने असं काही लिहिणारा जवळजवळ प्रत्येक जण ती करतो. २८० अंशांच्या रोखाची कोसाइन काढताना ९० मिळवले की ३७० होतात. ३७० भागिले १८०, खालचा पूर्णांक दोन. एक वजा चार, म्हणजे चिन्हाच्या जागी उणे तीन. जहाजाने किंचित उत्तरेकडे सरकायचं, ते तिप्पट अंतर दक्षिणेकडे गेलं आणि सरळ खडकावर. खेळाडूंनी अर्धा तास घालून आखलेला पाठलाग तिथेच संपला. मी खेळ थांबवला, सगळ्यांची माफी मागितली, सोंगटी मागे ठेवली. दुसऱ्या दिवशी मॅक्रोच्या सुरुवातीला ओळ घातली: आधी कोन ३६० च्या आत आणा, मगच पुढचं.

उलट दिशेचं काम, म्हणजे दोन सोंगट्यांवरून कोन काढणं, त्याहून किचकट. त्यासाठी एक काटकसरीचं सूत्र वापरत होते. दोन सोंगट्यांमधल्या उभ्या आणि आडव्या फरकांचं शून्य ते एकमधलं गुणोत्तर 'क्ष' घ्या. ४५ गुणिले क्ष, त्यात १५.६४ गुणिले क्ष गुणिले (एक वजा क्ष) मिळवा. कोन अंशांत येतो, चूक पाव अंशाहून कमी. तोफेला पाव अंश पुरेसा आहे. पण गुणोत्तर एकाहून मोठं झालं की ते उलटं करून ९० मधून वजाबाकी, शिवाय चार दिशांचे चार प्रकार. तो मॅक्रो मी स्वतःसुद्धा दोन आठवड्यांनी वाचू शकत नव्हते. एका बैठकीला मी येऊ शकले नाही, तेव्हा माझ्या जागी बसलेल्या मैत्रिणीने सगळी जहाजं हातानेच हलवली. मॅक्रो चुकला तर दुरुस्त कोण करणार, असं ती म्हणाली. तिचं बरोबर होतं, आणि त्याच आठवड्यात मी दुसरं साधन शोधायला लागले.

मॅपटूल हे आरपीटूल्स या स्वयंसेवकांच्या गटाचं साधन. मोफत, मुक्तस्रोत, जावात लिहिलेलं. विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं. त्याची मॅक्रो भाषा त्याची स्वतःचीच आहे. मला त्यात पहिल्यांदा जे भावलं ते असं की गणिताची सगळी फंक्शनं 'मॅथ' या एकाच आडनावाखाली नांदतात: साइन, कोसाइन, टॅन, त्यांच्या उलट दिशेची तीन, कर्ण काढणारं हायपॉट, वर्गमूळ, घनमूळ, पाय (π). आणि ती अंश घेतात. रेडियन हवे असतील तर त्याच नावाच्या शेवटी 'आर' जोडायचा.

अंशांची ही गोष्ट बारीक वाटेल, पण माझ्या लेखी यातली सगळ्यात समजूतदार गोष्ट हीच आहे. टेबलावर बसलेला कोणीही 'मी दीड रेडियन वळतो' म्हणत नाही. सुकाणू धरणारी म्हणते, 'वीस अंश डावीकडे'. सोंगटीचा रोख अंशांत, नियम अंशांत, बोलणं अंशांत. मग मध्येच रेडियन आले की प्रत्येक ओळीत एक रूपांतर वाढतं, आणि विसरलेलं रूपांतर शोधणं फार अवघड, कारण उत्तर चुकीचं असलं तरी ते उणे एक आणि एकच्या मध्येच येतं. साइन ३० ऐवजी ३० रेडियनची साइन काढली तर उणे ०.९९ मिळतं. आकडा सभ्य दिसतो, जहाज उलटं जातं.

माझा जुना सात ओळींचा मॅक्रो इथे दोन ओळींचा झाला. पण फंक्शन हातात आलं म्हणून काम संपत नाही. साइन कुठल्याही यंत्रात सारखीच. टेबलटॉपचा कोन मात्र कुठून मोजायचा, कुठल्या दिशेने वाढवायचा आणि 'वर' म्हणजे अधिक की उणे, या तीन गोष्टी प्रत्येक साधनात वेगळ्या. माझे पहिले पंधरा दिवस त्यांतच गेले आणि नव्याने येणाऱ्याचेही तिथेच जातील.

मॅपटूलमध्ये सोंगटीच्या रोखाचा शून्य उजवीकडे आहे, आणि कोन घड्याळाच्या काट्यांच्या उलट वाढतो. शाळेच्या आलेखासारखंच. खाली तोंड केलेल्या सोंगटीचा रोख उणे ९०. पण नकाशाचा वाय-अक्ष संगणकाच्या पडद्यासारखा, वरून खाली वाढणारा. म्हणजे कोन आलेखाचा आणि अक्ष पडद्याचा. त्यामुळे पुढची जागा काढताना एक्समध्ये कोसाइन मिळवायची आणि वायमधून साइन वजा करायची. ते वजाचं चिन्ह राहिलं तर पूर्व-पश्चिम बरोबर चालतं आणि उत्तर-दक्षिण उलटी होते. चाचणी करताना जहाज पूर्वेला नेऊन पाहिलं तर चूक दिसतच नाही. म्हणून पहिली चाचणी तिरक्या रोखाने घ्या.

त्यात समुद्रावर कोन होकायंत्राचा असतो: शून्य उत्तरेला, पूर्व ९०, काट्यांच्या दिशेने. सुदैवाने दोघांमधला पूल एका वजाबाकीचा आहे. ९० वजा होकायंत्राचा रोख म्हणजे सोंगटीचा रोख. उत्तर घाला, ९० येतात, सोंगटीचं तोंड वर. पूर्व घाला, शून्य येतो, तोंड उजवीकडे. ७० घाला, २० येतात. हीच वजाबाकी उलट्या दिशेलाही जशीच्या तशी चालते. मी तिचं वेगळं फंक्शन केलं आणि ठरवून टाकलं की माझ्या सगळ्या गुणधर्मांत, म्हणजे सोंगटीसोबत साठवलेल्या आकड्यांत, होकायंत्राचाच कोन ठेवायचा, सोंगटी वळवण्याच्या अगदी शेवटच्या ओळीत तो बदलायचा. तेव्हापासून जहाजाचं तोंड एकीकडे आणि चाल दुसरीकडे असा प्रकार झालेला नाही.

दुसरी गोष्ट पूर्णांकाची. सहा घरांच्या वेगाने ७० अंशांवर जाणारं जहाज उजवीकडे ५.६४ घरं सरकतं. प्रत्येक फेरीत जवळच्या पूर्णांकावर आणलं तर तीन फेऱ्यांत अठरा घरं होतात, खरी तर सतराच हवीत. पाठलागात एक घर म्हणजे तोफेच्या पल्ल्यात असणं किंवा नसणं. मी प्रत्येक सोंगटीवर दोन गुणधर्म ठेवलेत, खरा एक्स आणि खरा वाय, दशांशांसकट. चाल नेहमी त्यांच्यावरून काढायची, सोंगटी फक्त दिसण्यापुरती जवळच्या घरात बसवायची. आणि बसवताना खालचा पूर्णांक घेऊ नका. संगणकाच्या दशांशांत साइन ३० कधी कधी अर्ध्याहून केसभर कमी येते. दहाने गुणल्यावर ४.९९९ होते आणि खालचा पूर्णांक चार देतो. हे बहुतेक संगणकी भाषांमध्ये होतं. जवळचा पूर्णांक घेतला की प्रश्न मिटतो.

आता तोफा. आमच्या जहाजांच्या तोफा दोन्ही कुशींना, तोंडापासून ६० ते १२० अंशांच्या पट्ट्यात मारा करतात. शत्रू त्या पट्ट्यात आहे का हे काढायला दोन सोंगट्यांमधली दिशा हवी. उभ्या फरकाला आडव्या फरकाने भागून उलटा टॅन घ्यावा, असं वाटतं. पण भागाकारात एक माहिती हरवते: ईशान्येला एक घर आणि नैर्ऋत्येला एक घर, दोन्हींचं गुणोत्तर सारखंच. शिवाय शत्रू अगदी उत्तरेला असला तर भागायला शून्य येतो. मॅपटूलमध्ये यासाठी दोन आकडे वेगवेगळे घेणारं 'एटॅन टू' आहे आणि ते चारही दिशा ओळखतं. माझ्या जुन्या साधनातल्या चार प्रकारांच्या जंजाळाची जागा या एका नावाने घेतली. कुठला आकडा आधी द्यायचा हे आठवणीवर सोडू नका. माहीत असलेली एक दिशा घालून चॅटमध्ये उत्तर छापून पाहा. आणि उभा फरक उलट चिन्हाने द्या, पडद्याच्या अक्षामुळे.

दिशा मिळाली की तिच्यातून जहाजाचा रोख वजा करायचा, आणि इथे आणखी एक खड्डा आहे. रोख ३५०, शत्रू १० अंशांवर. वजाबाकी उणे ३४० दाखवते, खरा फरक वीस अंशांचा. उपाय एका ओळीचा: फरकात ५४० मिळवा, ३६० ने भागून बाकी घ्या, त्यातून १८० वजा करा. उणे ३४० अधिक ५४० म्हणजे २००, बाकी २००, वजा १८०, वीस. कुठलाही फरक मग उणे १८० ते १८० मध्येच येतो, आणि चिन्हावरून उजवी कूस की डावी तेही कळतं. आठ महिन्यांत मी सगळ्यात जास्त वापरलेलं फंक्शन हेच, आणि ते तयार मिळत नाही. 'मॅथ' कुटुंबात ते असतं तर मला फार आनंद झाला असता.

मग जादूगाराचा शंकू, म्हणजे त्याच्यापासून शंकूच्या आकारात पसरणारा जादूचा मारा, आला, आणि त्रिकोणमितीपेक्षा नियमाच्या अर्थावरच जास्त बोलणं झालं. डंजन्स अँड ड्रॅगन्स या भूमिका-खेळाच्या पाचव्या आवृत्तीत शंकूची रुंदी उगमापासूनच्या अंतराइतकीच असते. दहा फुटांवर दहा फूट रुंद, साठ फुटांवर साठ. म्हणजे मधल्या रेषेपासून एका बाजूला अंतराचा अर्धा, टॅन अर्धा, २६.५७ अंश, पूर्ण कोन ५३.१३ अंश. नव्वदाचं पाव वर्तुळ किंवा साठाचा सुबक त्रिकोण घेऊन चालणाऱ्यांनी हे एकदा कागदावर काढून पाहावं, कारण नव्वद अंशांच्या शंकूत दुप्पट रुंदीतली माणसं होरपळतात.

आमच्या जादूगाराने विचारलं, 'शंकूचा कोपरा किती लांब?' टोक सपाट मानलं तर मधली रेषा साठ फूट, पण कोपरा ६७ फुटांवर जातो. टोक गोल मानलं तर कडेलाही साठच. पाच फुटांच्या घरांत मोजलं तर बारा की जवळजवळ साडेतेरा. दोन्ही वाचनं प्रामाणिक आहेत. आम्ही गोल टोक ठरवलं आणि ते मॅक्रोत एका ओळीत मांडलं: अंतर साठपेक्षा जास्त नको. वाद तिथे संपला, आणि मॅक्रो असल्याचा खरा फायदा मला तिथे दिसला. नियम एकदा ठरला की तो सगळ्यांना, राक्षसांनासुद्धा, सारखाच लागतो.

शंकूची तपासणी मी आधी 'एटॅन टू'ने आणि कोनांच्या वजाबाकीने करत होते. नंतर कळलं की कोनाची गरजच नाही. शंकूच्या दिशेची साइन आणि कोसाइन एकदाच काढायची. मग प्रत्येक लक्ष्याचं मधल्या रेषेच्या दिशेतलं अंतर आणि रेषेला काटकोनातलं अंतर निव्वळ गुणाकार-बेरजेतून मिळतं. काटकोनातलं अंतर रेषेच्या दिशेतल्या अंतराच्या अर्ध्याहून कमी असेल तर लक्ष्य शंकूत. ३५० आणि १० चा खड्डा आपोआप टळतो. तोफांच्या पट्ट्यालाही हेच लागू: कोसाइन ६० म्हणजे अर्धा, तेव्हा तोंडाच्या दिशेचं अंतर, चिन्ह न बघता, एकूण अंतराच्या अर्ध्याहून कमी हवं. तीस-चाळीस सोंगट्या तपासायच्या असतात तेव्हा मॅक्रो जितका आखूड तितकं बरं, कारण ही भाषा ओळ वाचत वाचत चालते आणि लूपमधलं प्रत्येक फंक्शन प्रत्येक सोंगटीसाठी पुन्हा चालतं. ठरावीक दिशा लागणार असतील, उदाहरणार्थ होकायंत्राच्या सोळा, तर त्यांच्या साइन-कोसाइन मोहीम उघडतानाच काढून एका जेसन यादीत (माहिती साठवायच्या JSON या मजकुरी साच्यात) ठेवता येतात. मी तसंच करते. आर्यभटाचं कोष्टक असं मागच्या दाराने परत आलं.

एका बाबतीत मात्र गणित आणि खेळ यांची गाठ बसत नाही, आणि तो दोष कुणाचाच नाही. हायपॉट खरं अंतर देतं. खेळाचं अंतर ग्रिडच्या नियमावर ठरतं, आणि मॅपटूलमध्ये तिरक्या घरांची मोजणी चार प्रकारे लावता येते: प्रत्येक तिरकं घर एक, आलटूनपालटून एक-दोन, फक्त आडवं-उभं मोजणारी मॅनहॅटन, किंवा तिरकं जाणंच बंद. पहिल्या प्रकारात तिरकी बारा घरं म्हणजे बाराच. पायथागोरसच्या हिशेबाने जवळजवळ सतरा. मॅक्रोचा स्फोट गोल येतो आणि मोजपट्टीचा स्फोट चौकोनी. पहिल्याच लढाईत मॅक्रोने एका खेळाडूला वाचवलं आणि मोजपट्टीने जाळलं. त्या रात्री त्याचं पात्र वाचवलं, आणि पुढच्या बैठकीआधी गटाने ठरवलं: समुद्रावर खरं अंतर, जहाजाच्या डेकवर ग्रिडचं. मॅक्रो लिहायच्या आधी ठरवायची गोष्ट आम्ही नंतर ठरवली. तुम्ही आधी ठरवा.

मांडणीबद्दल थोडक्यात. स्वतःची फंक्शनं एका लायब्ररी टोकनवर, म्हणजे मॅक्रो साठवण्यापुरत्या सोंगटीवर, ठेवता येतात, आणि मोहीम उघडताना आपोआप चालणाऱ्या मॅक्रोत त्यांची नावनिशी नोंदवली की ती तयार फंक्शनांसारखीच वापरता येतात. चौकटी कंसाबाहेरचं सगळं चॅटमध्ये छापलं जातं, आणि कंसाच्या आतलं लपवायचं तर सुरुवातीला 'एच' लावावा लागतो. पहिल्या रात्री मी तो एका लूपला लावायला विसरले आणि खेळाडूंपुढे छत्तीस कोसाइन ओळीने उमटल्या. दुसऱ्याच्या सोंगटीला हात लावणारे मॅक्रो विश्वासू असावे लागतात, म्हणजे खेळाडूला बदलता न येणारे. लायब्ररी टोकनवर ठेवले की ते जमतं. गणिताच्या फंक्शनांना ही अट नाही, त्यामुळे खेळाडू स्वतःच्या सोंगटीवर साइन मनसोक्त वापरू शकतात. आमच्या तोफखान्याच्या प्रमुखाने पल्ल्याचा स्वतःचा मॅक्रो लिहिलाय, आणि तो माझ्यापेक्षा नीटस आहे.

जावास्क्रिप्ट ही प्रोग्रामिंगची भाषा येत असेल तर फाउंड्री हे दुसरं टेबलटॉपसुद्धा पाहा. तिथे मॅक्रोला संपूर्ण जावास्क्रिप्ट मिळते. त्रिकोणमिती रेडियनमध्ये, पण अंशांतून रेडियनमध्ये नेणारं आणि परत आणणारं फंक्शन जोडीला दिलेलं आहे. तिथे सोंगटीचा शून्य खाली असतो आणि कोन काट्यांच्या दिशेने वाढतो, तर शंकूच्या साच्याचा शून्य उजवीकडे असतो. ही एक गोष्ट लिहून समोर चिकटवून ठेवा. शंकूचं टोक सपाट की गोल, हा आमचा वाद तिथे सेटिंगमध्येच सोडवलेला आहे, हे मला फार आवडलं. तरी ज्याला प्रोग्रामिंग येत नाही पण शाळेची त्रिकोणमिती आठवते, त्याला मी मॅपटूल सांगेन. अंशांमुळे.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा गुण कोनाच्या फरकाचं तयार फंक्शन नसल्याचा.

भास्कराचं सूत्र मी टाकून दिलेलं नाही. ते लायब्ररी टोकनवर आहे, आणि मोहीम उघडली की शून्य ते ३५० पर्यंत दर दहा अंशांना त्याचा आणि तयार साइनचा ताळा घेतला जातो. फरक कुठेही ०.००१७ च्या वर गेला तर चॅटमध्ये मला एकटीला इशारा येतो. त्यानंतर एक सोंगटी मध्ये ठेवून तिच्याभोवती आठ दिशांना आठ जहाजं उभी करते आणि प्रत्येकाचा होकायंत्राचा रोख छापून घेते. शून्य, ४५, ९०, १३५, १८०, २२५, २७०, ३१५ असं ओळीने आलं की खेळाडूंना आत घेते.